अनुबिस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इजिप्तच्या देवांबद्दल लिहायला लागलं की अनुबिसबद्दलचे प्रश्न काही थांबत नाहीत. तेच तेच पुन्हा विचारले जातात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट शक्यतो दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही, फक्त क्रमांक दिला आहे.

१. अनुबिस म्हणजे नेमका कोण?

प्राचीन इजिप्तमधला ममीकरणाचा, कबरींचा आणि स्मशानभूमीचा देव. अनुबिस हे ग्रीकांकडून आलेलं नाव, मूळ इजिप्शियन नाव इन्पू किंवा अन्पू. तो दोन रूपांत दिसतो. एक, पुढचे पाय पसरून बसलेला, कान टवकारलेला काळा श्वान. दुसरं, माणसाचं शरीर आणि त्यावर त्याच श्वानाचं डोकं.

त्याच्या पदव्या वाचल्या की काम कळतं. 'आपल्या डोंगरावरचा' म्हणजे वाळवंटातल्या कड्यांवरून खालच्या कबरींवर नजर ठेवणारा. 'दिव्य मंडपाचा प्रमुख' म्हणजे जिथे प्रेतावर संस्कार होतात त्या मंडपाचा मालक. 'पवित्र भूमीचा स्वामी' म्हणजे स्मशानभूमीचा धनी. श्वास थांबल्यापासून परलोकातल्या न्यायसभेपर्यंत मृताची सगळी जबाबदारी त्याच्याकडे.

२. सिनेमात आणि गेममध्ये तो क्रूर दाखवतात. तो दुष्ट देव होता का?

नाही. अनुबिस कुणाचा जीव घेत नाही, मेलेल्याला सांभाळतो. त्याचं सैन्य, त्याचा सूड, त्याचं अंधाराचं साम्राज्य हे सगळं आधुनिक मनोरंजनाचं काम आहे. कबर फोडणाऱ्यांना त्याची भीती वाटावी अशी अपेक्षा होती, एवढं मात्र खरं. राजांच्या दरीतल्या कबरींची दारं बंद करताना गिलाव्यावर जो शिक्का उठवत, त्यात बसलेला श्वान आणि त्याच्याखाली हात बांधलेले नऊ कैदी असत. नऊ कैदी म्हणजे इजिप्तचे परंपरागत शत्रू. तुतनखामुनच्या कबरीच्या दारावरही हा शिक्का होता.

३. मृतांचा देव तर ओसायरिस ना? मग अनुबिसकडे काय उरतं?

कोणत्या शतकाबद्दल विचारता त्यावर उत्तर बदलतं. गिझा आणि सक्कारा इथल्या जुन्या कबरींत दानाचा एक ठरलेला मंत्र कोरलेला असतो: राजा दान देतो, देव दान देतो, आणि ते मृताला पोचतं. चौथ्या राजवंशापर्यंत या मंत्रातला देव म्हणजे अनुबिसच. ओसायरिसचं नाव पाचव्या राजवंशात दिसू लागतं. त्या वंशाचा शेवटचा राजा उनास (सुमारे इ.स.पू. २३५०) याच्या पिरॅमिडमध्ये आतल्या भिंतींवर पहिल्यांदा धार्मिक मजकूर कोरला गेला. त्यात दोघेही आहेत, पण राजाची तुलना आता ओसायरिसशी होऊ लागली आहे.

अबायडोस या प्राचीन नगरातही हेच घडलं. तिथे 'पश्चिमेकडच्यांचा अग्रणी' या नावाचा एक प्राचीन श्वानदेव होता. पश्चिमेकडचे म्हणजे मेलेले. ही पदवी अनुबिसलाही लावली जात असे, आणि पुढे ती ओसायरिसची झाली.

मग कथा जुळवली गेली. सेथने भाऊ ओसायरिसला मारलं, आणि त्याचा देह अनुबिसने बांधून, गुंडाळून जपला. ती पहिली ममी. राजा ओसायरिस, त्याचा देह जपणारा अनुबिस. काही जण याला अनुबिसची पदावनती म्हणतात. मला ते पटत नाही. पुढची दोन हजार वर्षं माणसं कबरींच्या भिंतींवर त्याचं चित्र काढत राहिली, कारण सिंहासनावरच्या देवापर्यंत पोचायच्या आधी देहाला हात लावणारा कुणीतरी लागतोच.

४. डोकं कोल्ह्याचं, कुत्र्याचं की लांडग्याचं?

तिन्ही उत्तरं छापील पुस्तकांत सापडतील. बराच काळ 'सोनेरी कोल्हा' हेच उत्तर होतं, म्हणजे आपल्याकडे उसाच्या फडात राहतो तोच प्राणी. २०१५ मध्ये जनुकीय अभ्यासातून कळलं की आफ्रिकेतला तथाकथित सोनेरी कोल्हा ही वेगळीच जात आहे आणि ती कोल्ह्यापेक्षा लांडग्याला जवळची आहे. आता तिला आफ्रिकी सोनेरी लांडगा म्हणतात. इजिप्तमध्ये हाच प्राणी आढळतो.

पण चित्रातला प्राणी नीट पाहा. अंग शिकारी कुत्र्यासारखं सडपातळ, कान अवाजवी मोठे, शेपूट लांब आणि सरळ खाली सोडलेली. असा प्राणी वाळवंटात हिंडताना दिसणार नाही. चित्रकाराने दोन-तीन प्राणी एकत्र केले आहेत, म्हणून मी 'श्वान' एवढंच म्हणतो.

स्मशानाच्या देवाला हाच प्राणी का, याचं सर्वात पटणारं स्पष्टीकरण असं: राजवंशांच्या आधीच्या काळात प्रेतं वाळवंटाच्या कडेला उथळ खड्ड्यात पुरत. रात्री तिथे भटके कुत्रे आणि कोल्हे येत, माती उकरत. ज्याच्यापासून प्रेताला धोका, त्यालाच राखणदार नेमलं. तर्कच आहे, पण चांगला तर्क आहे.

५. तो काळाच का?

त्या प्राण्याचा खरा रंग वाळूसारखा भुरा असतो, म्हणजे काळा रंग मुद्दाम निवडलेला आहे. राळ आणि तेलं लावल्यावर ममीची कातडी काळपट होते, हे एक कारण. दुसरं कारण नाईलचा गाळ. पुरानंतर शेतात साचणारी काळी माती म्हणजे पुढच्या वर्षीचं पीक. इजिप्शियन लोक आपल्या देशालाही 'काळी भूमी' म्हणत. त्यामुळे काळा रंग त्यांच्याकडे सुतकाचा नव्हता, पुन्हा उगवण्याचा होता. ओसायरिसलाही काही ठिकाणी काळा रंगवलेला आहे, काही ठिकाणी हिरवा.

६. अनुबिसचे आईवडील कोण?

एकच एक उत्तर नाही. कुठे त्याची आई गोमाता हेसात, कुठे मांजरमुखी बास्तेत. प्रसिद्ध झालेली कथा प्लुटार्क या ग्रीक लेखकाने सांगितली आहे, इ.स.च्या पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या सुमारास. नेफ्थिस ही सेथची बायको. तिला ओसायरिसपासून मूल झालं. सेथच्या भीतीने तिने ते टाकून दिलं. ओसायरिसची बायको इसिस हिने कुत्र्यांच्या मदतीने ते शोधून काढलं, वाढवलं, आणि तेच पुढे तिचा रक्षक झालं.

ही कथा सांगताना ती उशिराची आहे आणि ग्रीक माणसाच्या लेखणीतून आली आहे हे लक्षात ठेवावं. अनुबिस तोवर सुमारे तीन हजार वर्षं पूजला गेला होता.

७. त्याला बायको-मुलं आहेत का?

अन्पुत नावाची देवी त्याची जोडीदार मानली जाते. केबेहूत ही त्याची मुलगी. ती नागरूपात असते आणि मृताला थंड, शुद्ध पाणी देते. पिरॅमिडमधल्या मजकुरात तिचा उल्लेख आहे. दोघींबद्दल मोठ्या कथा नाहीत.

८. ममी बनवताना अनुबिसचा संबंध कुठे येतो?

सुरुवातीपासून शेवटपर्यंत. देह आधी धूत. मग डाव्या कुशीत छेद देऊन यकृत, फुप्फुसं, जठर आणि आतडी काढत, मेंदू नाकावाटे. हृदय मात्र जागेवर ठेवत (कारण प्रश्न १० मध्ये). नंतर देह नेट्रॉनमध्ये झाकून वाळवत. नेट्रॉन म्हणजे वादी नत्रून या खोलगट भागात मिळणारा सोड्यासारखा नैसर्गिक क्षार. मग तेलं, राळ, मेण, आणि तागाच्या पट्ट्यांचे थर, त्यांत ताईत. परंपरेने पूर्ण कामाला ७० दिवस. प्रत्येक टप्प्यावर मंत्र म्हटले जात, आणि विधी चालवणारा प्रमुख पुरोहित त्या वेळी अनुबिसच्या जागी उभा असे. ओसायरिससाठी देवाने जे केलं तेच आता या मृतासाठी होतंय, अशी ती कल्पना.

आतल्या व्यवहाराच्या गोष्टी ग्रीकांनी टिपून ठेवल्या आहेत. इ.स.पू. पाचव्या शतकातला हेरोडोटस सांगतो की कारागीर नातेवाइकांना लाकडी नमुने दाखवत आणि तीन दरांपैकी कोणता परवडेल ते विचारत. डायोडोरस त्याहून चमत्कारिक गोष्ट लिहितो. कुशीत छेद देणारा माणूस छेद देताक्षणी पळत सुटे, आणि बाकीचे त्याच्यामागे दगड मारत धावत. देहाला जखम करणं हे पाप, मग ते कितीही गरजेचं असो. पुढचं काम करणाऱ्यांना मात्र मान असे, त्यांना देवळात प्रवेश होता.

यात अलीकडे एक सुंदर भर पडली. सक्कारा इथे २०१६ मध्ये ममीकरणाची एक जमिनीखालची कार्यशाळा सापडली, इ.स.पू. सातव्या-सहाव्या शतकांतली. तिथल्या भांड्यांवर आत काय आणि ते कुठे लावायचं हे लिहिलेलं होतं. २०२३ मध्ये भांड्यांतल्या अवशेषांचं रासायनिक विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यात देवदार, पिस्त्याच्या कुळातल्या झाडांची राळ, मधमाश्यांचं मेण, मृत समुद्राकडचं डांबर होतंच, शिवाय आग्नेय आशियातल्या जंगलांतली डॅमर नावाची राळही निघाली. अनुबिसच्या मंडपात लागणारा माल इतक्या लांबून यायचा.

९. पुरोहित खरंच श्वानाचा मुखवटा घालत का?

निदान काही विधींत घालत. जर्मनीतल्या हिल्डेसहाइमच्या संग्रहालयात भाजलेल्या मातीचा असा एक जड मुखवटा आहे, खांद्यावर टेकवायचा. देंदेराच्या मंदिरातल्या कोरीव चित्रात अनुबिसचा मुखवटा घातलेल्या पुरोहिताला दुसरा माणूस हात धरून नेताना दिसतो, कारण उघड आहे, आतून नीट दिसत नसावं. पण प्रत्येक ममी करताना मुखवटा असे, असं यावरून म्हणता येत नाही. कबरीतल्या चित्रांत ममीवर वाकलेला जो दिसतो तो मुखवट्यातला पुरोहित की खुद्द देव, हे चित्रकाराने मुद्दामच उघड केलेलं नाही असं मला वाटतं.

१०. हृदय आणि पिसाचा तराजू ही काय भानगड आहे?

इजिप्शियन लोकांच्या मते माणूस विचार करतो, आठवतो तो हृदयाने. म्हणून आयुष्याचा हिशेब हृदयात. मेल्यानंतर मृत 'दोन सत्यांच्या सभागृहात' जातो. तिथे ४२ न्यायदेवता बसलेल्या असतात, आणि तो एकेकीचं नाव घेऊन सांगतो: मी चोरी केली नाही, मी खून केला नाही, मी मापात खोट केली नाही. त्यानंतर एका पारड्यात हृदय, दुसऱ्यात मातचं पीस. मात म्हणजे सत्य, न्याय, जगाची नीट घडी, आणि तीच देवीही.

हा प्रसंग सर्वात छान दिसतो तो ब्रिटिश म्युझियममधल्या हुनेफर आणि आनी या मृतांच्या पपायरसांवर (पपायरस म्हणजे लव्हाळ्यासारख्या वनस्पतीपासून केलेला कागद), दोन्ही इ.स.पू. तेराव्या शतकाच्या आसपासचे. हुनेफरच्या चित्रात अनुबिस दोनदा आहे. आधी तो पांढऱ्या वस्त्रातल्या हुनेफरचा हात धरून त्याला आणतो. मग गुडघ्यावर बसून, काटा स्थिर व्हायची वाट पाहणाऱ्या वाण्यासारखा तराजूचा ओळंबा तपासतो. थोथ हा पक्षिमुखी देव निकाल लिहितो. शेवटी ओसायरिसचा मुलगा होरस मृताला सिंहासनावरच्या ओसायरिससमोर नेतो. काही पपायरसांवर तराजूपाशी अनुबिसबरोबर होरसही असतो.

एक दुरुस्ती. 'हृदय पिसापेक्षा हलकं असावं लागतं' असं सगळीकडे लिहितात. चित्रांत पारडी समान असतात. हृदय सत्याच्या बरोबरीने उतरलं पाहिजे, एवढीच अट.

११. आणि हृदय जड निघालं तर?

तराजूशेजारी अम्मित वाट पाहत असते. तोंड मगरीचं, पुढचा भाग सिंहाचा, मागचा पाणघोड्याचा. ती हृदय खाते आणि तो माणूस कायमचा संपतो. परलोक नाही, पुनरुत्थान नाही. इजिप्शियन लोक याला दुसरं मरण मानत आणि पहिल्यापेक्षा त्यालाच जास्त घाबरत.

पण या पपायरसांवर मालक नापास होताना कधीच दिसत नाही. याचं कारण धर्मात शोधण्यापेक्षा बाजारात शोधावं. हे पपायरस विकत मिळत. बरेचसे आधीच तयार करून ठेवत आणि नावाची जागा कोरी सोडत. आनीच्या पपायरसातही नाव पुढे दुसऱ्या हाताने भरलेलं दिसतं. स्वतःच्या शिक्षेचं चित्र कोण पैसे देऊन घेईल?

शिवाय तजवीज करून ठेवलेली असेच. ममीच्या छातीवर दगडी भुंगा ठेवत, त्यावर मंत्र कोरलेला: माझ्या हृदया, माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस. न्यायावर श्रद्धाही आणि साक्षीदाराला आधीच गप्प करण्याची सोयही, दोन्ही एकाच ममीवर. मला हा भाग सगळ्यात मानवी वाटतो.

१२. म्हणजे अनुबिस हा इजिप्तचा यमच झाला की!

पूर्ण नाही. यम स्वतः राजा आणि न्यायाधीश, चित्रगुप्त हिशेबनीस. इजिप्तमध्ये राजा ओसायरिस आणि लेखनिक थोथ. अनुबिस देह सांभाळतो, वाट दाखवतो, तराजू बघतो. जुळवायचंच असेल तर यमाच्या दोन कुत्र्यांशी जुळवा. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात मृताच्या वाटेवर राखण करणारे, चार डोळ्यांचे ते दोन श्वान आहेत. स्मशानाच्या वाटेवर कुत्रा दिसणं हा अनुभव दोन्हीकडचा, त्यासाठी कुणी कुणाकडून उसनं घ्यावं लागत नाही. 'इजिप्तचे देव भारतातून गेले' छापाचे जे मेसेज फिरतात, ते पुढे पाठवू नका.

१३. अनुबिसचं गाव कोणतं?

मध्य इजिप्तमधला, दक्षिणेकडच्या प्रांतांच्या यादीतला सतरावा प्रांत. तिथल्या नगराला ग्रीकांनी कायनोपोलिस, म्हणजे श्वाननगरी, म्हटलं. शेजारच्या ऑक्सिरिंकस नगरात त्याच नावाचा मासा पवित्र होता. प्लुटार्क लिहितो की त्याच्या काळात श्वाननगरीच्या लोकांनी तो मासा खाल्ला, म्हणून शेजाऱ्यांनी कुत्री पकडून, बळी देऊन खाल्ली. प्रकरण लढाईवर गेलं आणि रोमनांनी दोघांना शिक्षा करून ते मिटवलं.

१४. 'दोन भावांची गोष्ट' मधला अनुबिस हाच का?

नाव तेच, पण तिथे तो शेतकरी आहे. ही गोष्ट ब्रिटिश म्युझियममधल्या इ.स.पू. तेराव्या शतकाच्या अखेरच्या एका पपायरसवर आहे. थोरला अनुबिस, धाकटा बाता. बाता भावाकडे राहतो, गुरं राखतो, नांगरतो. एक दिवस तो बी न्यायला घरी येतो तेव्हा वहिनी त्याला गळ घालते. तो नाकारतो. संध्याकाळी ती नवऱ्याला उलटंच सांगते. अनुबिस भाला घेऊन गोठ्याच्या दाराआड दबा धरतो. आत शिरणारी गायच बाताला सावध करते: तुझा भाऊ दाराआड आहे, पळ. बाता पळतो, सूर्यदेवाला हाक मारतो, आणि देव दोघांमध्ये मगरींनी भरलेलं पाणी पसरतो. पलीकडच्या काठावरून बाता खरं काय ते सांगतो. अनुबिस घरी जाऊन बायकोला मारतो आणि प्रेत कुत्र्यांपुढे टाकतो.

पुढचा भाग इथे महत्त्वाचा. बाताने आपलं हृदय एका झाडाच्या फुलावर ठेवलेलं असतं. झाड तोडलं जातं, तो मरतो. अनुबिस ते हृदय शोधत हिंडतो, चौथ्या वर्षी त्याला ते बीच्या रूपात सापडतं. गार पाण्यात टाकल्यावर ते पाणी शोषून घेतं, आणि भाऊ जिवंत होतो. मेलेल्या देहाजवळ बसून, हृदय जागेवर आणून त्याला उठवणारा हा शेतकरी कोणत्या देवावरून बेतला आहे ते सांगायला नको. बाता हाही त्याच सतराव्या प्रांतातला देव होता (प्रश्न १३).

१५. बिबट्याच्या अंगावरच्या ठिपक्यांचा अनुबिसशी काय संबंध?

लूव्र संग्रहालयात ग्रीक राजवटीच्या काळातला एक पपायरस आहे, त्यात ही कथा येते. सेथ बिबट्याचं रूप घेऊन ओसायरिसच्या देहापाशी येतो. अनुबिस त्याला पकडून तापलेल्या लोखंडाने डागतो, मग कातडं सोलून स्वतः पांघरतो. अंत्यविधी करणारे पुरोहित बिबट्याचं कातडं का घेतात, याचं हे धार्मिक कारण. प्रथा या कथेच्या कितीतरी आधीची आहे.

१६. तुतनखामुनच्या कबरीतल्या काळ्या श्वानाबद्दल सांगा.

हॉवर्ड कार्टरला ही कबर नोव्हेंबर १९२२ मध्ये सापडली. राजाच्या शवपेटीच्या दालनाला लागून एक खोली आहे, तिला कार्टरने 'खजिना' म्हटलं. तिच्या दारातच सोनेरी पेटीवर बसलेला काळा लाकडी अनुबिस होता, दाराकडे तोंड करून. कान आणि गळ्याभोवतीची पट्टी सोनेरी, नखं चांदीची. पेटीखाली उचलून न्यायचे दांडे, म्हणजे अंत्ययात्रेत ती खांद्यावरून आली असावी.

मूर्तीभोवती तागाचं कापड गुंडाळलेलं होतं, गळ्यात फुलांची माळ. त्या कापडावर शाईने अखेनातेनच्या कारकिर्दीचं सातवं वर्ष लिहिलेलं आहे. अखेनातेन म्हणजे जुने देव बाजूला सारून एकट्या सूर्यबिंबाची पूजा चालवणारा राजा, बहुतेकांच्या मते तुतनखामुनचा बाप. त्याच्याच काळातलं कापड शेवटी या देवाच्या अंगावर आलं. पुढच्या पायांमध्ये अखेनातेनची मुलगी मेरितातेन हिची लेखनाची हस्तिदंती पाटी होती.

आधीच्या दालनातलं काम चालू असताना कार्टरने या खोलीचं दार फळ्यांनी बंद करून ठेवलं होतं. खोली रिकामी झाली १९२६-२७ च्या हंगामात.

१७. अनुबिसचा शाप खरा आहे का?

नाही. त्या मूर्तीसमोर मातीच्या बैठकीवर एक छोटी मशाल होती. बैठकीवरच्या मजकुराचा अर्थ साधारण असा: गुप्त दालन वाळूने बुजू नये म्हणून वाळू अडवणारा मी, मृताच्या रक्षणासाठी मी आहे. वर्तमानपत्रांत त्याला 'उंबरा ओलांडेल त्याला ठार करीन' अशी शेपूट जोडली गेली. खोदकामाचा खर्च करणारे लॉर्ड कार्नार्व्हन ५ एप्रिल १९२३ ला कैरोत वारले, डास चावलेली जागा दाढी करताना कापली आणि रक्तात विषबाधा झाली. कबरीत वर्षानुवर्षं राबलेला कार्टर मात्र १९३९ पर्यंत जगला.

१८. कुत्र्यांच्याही ममी करत हे खरं? ते लाडके कुत्रे होते का?

घरच्या कुत्र्यावर माया असे. हेरोडोटस सांगतो की कुत्रा मेला तर घरातली माणसं डोक्यासकट सगळं अंग भादरत. पण सक्काराला अनुबिसच्या मंदिराजवळ जी भुयारं आहेत त्यांतली गोष्ट वेगळी. तिथे अंदाजे ८० लाख प्राण्यांचे अवशेष असावेत असं संशोधकांचं मत आहे, बहुतेक कुत्रे. त्यातली पुष्कळशी पिल्लं जन्मल्यावर काही तासांत किंवा दिवसांत मेलेली. प्राचीन इजिप्तच्या शेवटच्या शतकांत भाविक देवाला नवस म्हणून ममी अर्पण करत आणि ती पुरवायला आसपास कुत्र्यांची पैदास केली जाई. श्रद्धा प्रामाणिक असेल, पण हा धंदाही होता, आणि पिल्लांच्या वयावरून तो कसा चाले हे कळतं.

१९. श्वानाचं डोकं दिसलं म्हणजे अनुबिसच समजायचं का?

इथेच सगळे फसतात. वेपवावेत हा असियुत नगराचा देव, 'वाटा उघडणारा'. तो बहुधा उभा असतो, ध्वजकाठीवर, आणि रंगीत चित्रांत राखाडी किंवा पांढरा. अनुबिस बहुधा बसलेला आणि काळा. काढलेले अवयव ठेवायच्या चार बरण्यांपैकी श्वानाच्या डोक्याची बरणी अनुबिसची नाही, ती होरसचा मुलगा दुआमुतेफ याची, जठरासाठी. जोडीने गुडघ्यावर बसून हात उंचावणाऱ्या श्वानमुखी आकृती नेखेन नगराच्या पूर्वजांच्या आत्म्यांच्या असतात. तोंड लांब, वाकडं आणि कानांची टोकं चौकोनी छाटलेली असतील तर तो सेथ. खात्री हवी तर शेजारी कोरलेलं नाव वाचता यायला हवं.

याच्या उलटही घडतं. कधी अनुबिस असतो आणि श्वान नसतो. अबायडोसला दुसऱ्या रामसेसच्या मंदिरात तो पूर्ण माणसाच्या चेहऱ्याचा कोरलेला आहे. ते दुर्मीळ.

२०. ग्रीक-रोमन आल्यावर त्याचं काय झालं?

ग्रीकांनी आत्म्यांना वाट दाखवणाऱ्या आपल्या हर्मिसशी त्याची सांगड घालून हर्मानुबिस बनवला. रोमन साहित्यिकांनी 'भुंकणारा देव' म्हणून टर उडवली. पण इसिसच्या पंथाबरोबर तो रोममध्ये पोचलाच. अलेक्झांड्रियातल्या कोम अल-शुकाफाच्या भुयारी कबरींत तो रोमन सैनिकाच्या चिलखतात उभा आहे.

जोसेफस हा इतिहासकार सम्राट टायबेरियसच्या काळची एक घटना सांगतो. पाउलिना नावाच्या प्रतिष्ठित बाईवर डेसियस मुंडसची नजर होती. ती बधेना, तेव्हा त्याने इसिसच्या पुरोहितांना पैसे चारले. 'अनुबिस देवाने तुला रात्री बोलावलं आहे' असा निरोप गेला, आणि अंधाऱ्या देवळात देव म्हणून मुंडस गेला. नंतर त्यानेच बढाई मारली. सम्राटाने पुरोहितांना क्रुसावर चढवलं, देऊळ पाडलं. मुंडसला फक्त हद्दपारी. प्रेमात केलं म्हणून सौम्य शिक्षा, असं जोसेफस लिहितो. न्यायसभेच्या देवाच्या नावावर झालेला हा न्याय!

२१. आज कुणी त्याची पूजा करतं का? घरात मूर्ती ठेवली तर चालेल का?

अखंड परंपरा राहिलेली नाही. चौथ्या शतकाच्या अखेरीस रोमन सम्राटांनी जुनी देवळं बंद करवली, आणि सहाव्या शतकात फिलेचं इसिसमंदिरही बंद झालं. आज जुना इजिप्शियन धर्म नव्याने आचरणारे छोटे गट आहेत, मुख्यतः पाश्चात्त्य देशांत.

मूर्तीचं म्हणाल तर बाजारातून आणलेली ती शोभेची वस्तू आहे. 'घरात मरण येतं' वगैरे काही नाही (प्रश्न २).

२२. प्रत्यक्ष कुठे पाहता येईल?

लक्सरला जाल तर दैर अल-बहरीच्या हातशेप्सुत मंदिरात दुसऱ्या मजल्याच्या उत्तर टोकाला अनुबिसचं छोटं देवालय आहे. साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे रंग अजून टवटवीत आहेत. बहुतेक सहली तिथे वळतच नाहीत, वाटाड्याला आधी सांगून ठेवा. दैर अल-मदिना या कारागिरांच्या वस्तीतली सेनेजेमची कबर चुकवू नका, ममीवर वाकलेल्या अनुबिसचं जे चित्र सगळीकडे छापतात त्यातलं एक तिथलंच. जागा अगदी लहान आहे, सकाळी लवकर जावं.

भारतात ममी पाहायच्या तर बडोदा, हैदराबाद, जयपूर आणि कोलकाता इथल्या संग्रहालयांत आहेत. मुंबई-पुण्याहून सगळ्यात सोयीचं बडोदं. जायच्या आधी ते दालन उघडं आहे ना, हे फोन करून विचारून घ्या.